फोंड्यूचा सेट नको, दोन पातेली पुरेत

चॉकलेट फोंड्यू म्हणजे गरम, पातळ चॉकलेटचं भांडं मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून फळं, केक, बिस्किटं त्यात बुडवून खायची. इतकंच. तरी बेळगावात कुणाच्या घरी वाढदिवसाला हे करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘तो सेट कुठं मिळतो?’ सेटची काही गरज नाही. एकात एक बसतील अशी दोन पातेली, एक लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा आणि लांब काड्या एवढ्यावर काम भागतं. सांभाळायच्या गोष्टी दोनच: चॉकलेटला चुकून पाणी लागू द्यायचं नाही आणि जास्त आच लागू द्यायची नाही. फोंड्यू बिघडतं ते जवळजवळ प्रत्येक वेळी या दोनांपैकी एका कारणानं.

स्वित्झर्लंडचा परंपरागत पदार्थ म्हणून याची ओळख करून देतात, पण ते चीजच्या फोंड्यूला लागू आहे. चॉकलेटचं फोंड्यू १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कोनराड एग्ली या स्विस हॉटेलवाल्यानं आपल्या ‘शाले स्वीस’ रेस्टॉरंटात लोकप्रिय केलं. त्यामुळं ‘अस्सल पद्धत हीच’ असं कुणी ऐकवायला लागलं तर फार मनावर घेऊ नका.

चॉकलेट घेताना पाकीट उलटून बघा

केकचं सामान विकणाऱ्या दुकानात चॉकलेट मागितलं की बऱ्याचदा ‘कंपाउंड’ची जाड लादी हातात पडते. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलापासून बनवलेली चरबी असते. मोल्डमध्ये घालून चॉकलेटं पाडायला ते सोयीचं, कारण पटकन घट्ट होतं. फोंड्यूत मात्र ते खाल्ल्यावर टाळ्याला मेणचट थर राहतो. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं. कंपाउंडला ती गंमत नाही. पाकिटाच्या मागं घटकांच्या यादीत ‘कोको बटर’ हवं. ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ दिसलं तर ते कंपाउंड. लहान मुलांचाच मेळा असेल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर निम्मं खरं, निम्मं कंपाउंड अशी तडजोड चालते. पूर्ण कंपाउंडचं मी करत नाही.

डार्क चॉकलेट ५० ते ५५ टक्के कोकोचं घ्या. ७० टक्क्यांच्या पुढचं मुलांना कडू लागतं, शिवाय त्याला क्रीमही जास्त लागतं. मिल्क चॉकलेट आवडत असेल तर डार्कच्या जोडीला निम्म्यानं घाला. नुसत्या मिल्क चॉकलेटचं फोंड्यू तिसऱ्या घासाला मळमळीत होतं. कोको काही फक्त परदेशातून येत नाही. आपल्याच राज्यात दक्षिण कन्नडकडं सुपारीच्या बागांत त्याचं आंतरपीक घेतात, आणि कॅम्पको या सहकारी संस्थेचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे.

अथणी, रायबाग बाजूला उन्हाळ्यात दुकानातलं चॉकलेट एकदा मऊ होऊन पुन्हा घट्ट झालेलं असतं. कागद काढला की वर पांढुरकी झाक दिसते. ती बुरशी नव्हे. कोको बटर वर येऊन गोठलेलं असतं. वास ठीक असेल आणि मुदत संपली नसेल तर फोंड्यूला ते बिनधास्त वापरा, वितळल्यावर झाक नाहीशी होते. खानापूरकडं पावसाळ्यात भानगड वेगळीच. फ्रीजमधून काढलेल्या थंड चॉकलेटवर दमट हवेतलं पाणी लगेच जमतं. म्हणून चॉकलेट आदल्या रात्रीच बाहेर काढून पाकिटातच ठेवायचं, आणि पूर्ण नेहमीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचं.

क्रीम की दूध?

चार-पाच जणांसाठी माझं प्रमाण असं: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १५० मिली फ्रेश क्रीम, एक छोटा चमचा बिनमिठाचं लोणी आणि चिमूटभर मीठ. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीम १०० मिली, पांढरं चॉकलेट असेल तर ७५ मिली. त्यात साखर नि दूध जास्त असल्यानं ती पटकन पातळ होतात. दहा जणांना सगळं दुप्पट करा, त्याच्या पुढं दोन भांडी करा. एकाच मोठ्या भांड्याभोवती पंधरा हात आले की निम्मं चॉकलेट टेबलावर सांडतं.

फ्रेश क्रीम म्हणजे डब्यात मिळणारं, २५ टक्के स्निग्धांशाचं, बिनसाखरेचं. केकवर फेटून लावायचं व्हीपिंग क्रीम बहुतेक वेळा गोड आणि वनस्पती तेलाचं असतं, ते इथं नको. घरातली साय वापरायचा मोह होतो, पण साय गरम केली की तूप सुटतं आणि गुठळ्या राहतात. त्यापेक्षा रतिबाचं दूधच घ्या. २०० ग्रॅम चॉकलेटला उकळून गाळलेलं ११० मिली म्हशीचं दूध आणि २५ ग्रॅम लोणी. चव क्रीमइतकी भरदार नाही येत, पण मुलांना फरक कळत नाही, आणि माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात हेच बरं लागतं.

चॉकलेटच घरात नसेल तर कोको पावडरवरही वेळ निभावते. अर्धा कप कोको आणि अर्धा कप साखर कोरडीच एकत्र चाळायची, त्यात एक कप दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ढवळत शिजवून शेवटी दोन मोठे चमचे लोणी. हे फोंड्यूपेक्षा चॉकलेट सॉसच म्हणायचं, पण केळ्यांबरोबर झकास.

आता प्रत्यक्ष कृती

सगळ्यात आधी चॉकलेट चिरा. मटाराच्या दाण्याएवढे तुकडे व्हायला हवेत. मोठे तुकडे राहिले तर क्रीम निवून जातं आणि तळाला गाठी उरतात. पोळपाट वापरणार असाल तर तो पूर्ण कोरडा हवा आणि सकाळच्या पोळ्यांची पिठी त्याला चिकटलेली नको. लांब सुरी लादीच्या कोपऱ्यावर ठेवून दाबत दाबत आत यायचं, म्हणजे तुकडे उडत नाहीत. चिरलेलं चॉकलेट कोरड्या, जाड बुडाच्या पातेल्यात काढा. पातेलं नुसतं निथळून चालत नाही, फडक्यानं पुसून घ्या.

दुसऱ्या पातेल्यात क्रीम मंद आचेवर ठेवा. सोडून जाऊ नका. कडेला बारीक बुडबुडे यायला लागले आणि वाफ दिसली की गॅस बंद. क्रीम खळखळून उकळू द्यायचं नाही. पातळ क्रीम उकळलं की फाटायची शक्यता असते. कॉफी घालणार असाल तर याच वेळी अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी क्रीममध्ये विरघळवा. कॉफीची चव वेगळी कळत नाही, चॉकलेटचीच खोली वाढते. वेलदोडा घालायचा तर एक दोनदा ठेचून क्रीमबरोबर गरम करा आणि ओतताना गाळून घ्या. पूड घातली तर दाताखाली येते.

गरम क्रीम चॉकलेटवर ओता, वर ताट झाका आणि दोन मिनिटं हात लावू नका. इथं बहुतेकांचा धीर सुटतो आणि चमचा आत जातो. दोन मिनिटांनी मधोमध चमचा ठेवून लहान लहान गोल फिरवायला लागा. सुरुवातीला ते बिघडल्यासारखं दिसतं, क्रीम वेगळं नि तपकिरी तुकडे वेगळे. फिरवत राहा. मध्यभागी गडद, चकचकीत ठिपका तयार होतो; तो हळूहळू मोठा होत कडेपर्यंत पोचतो. फेटू मात्र नका, हवा शिरून चकाकी जाते. शेवटी लोणी आणि मीठ. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय नुसता गोडवा उरतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं संध्याकाळी पातेलंच थंडगार असतं, मग दोन-चार तुकडे न विरघळता राहतात. अशा वेळी मोठ्या पातेल्यात दीड इंच गरम पाणी घेऊन त्यावर चॉकलेटचं पातेलं मिनिटभर टेकवा. आतल्या भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये आणि खालचं पाणी उकळतं नसावं. भांडं उचलताच बाहेरची बाजू पुसा, नाहीतर ओतताना तिथलेच थेंब आत जातात. डार्क चॉकलेट ५० अंशांच्या आणि मिल्क किंवा पांढरं ४५ अंशांच्या फार वर जाऊ द्यायचं नाही. थर्मामीटर नसेल तर थेंबभर मनगटावर घ्या: ऊबदार वाटलं तर बरोबर, चटका बसला तर जास्त झालं. मायक्रोवेव्हवाल्यांनी निम्म्या शक्तीवर ३० सेकंदांचे टप्पे घ्यावेत आणि प्रत्येक टप्प्याला ढवळावं.

झालं की नाही ते चमच्यावर बघा. चमचा बुडवून उचलला की त्याच्या पाठीवर थर राहायला हवा आणि त्यावरून बोट ओढलं तर रेघ मिटता कामा नये. फार घट्ट असेल तर एकेक चमचा कोमट दूध, पातळ झालं तर आणखी २०-३० ग्रॅम चिरलेलं चॉकलेट.

बिघडलं तर

चॉकलेट आधी नुसतंच वितळवायला घेतलं आणि त्यात वाफेचे दोन थेंब पडले तर क्षणात त्याचा खरबरीत, कोरडा गोळा होतो. थेंबभर पाण्यानं बिघडतं आणि वाटीभर क्रीमनं बिघडत नाही, याचं नवल वाटायला नको. पिठीसाखरेत दोन थेंब पाणी पडलं तर गोळे होतात, भरपूर पडलं तर पाक होतो, तसंच हे. चॉकलेटमधली साखर नि कोकोचे कण थोड्या ओलाव्यानं एकमेकांना चिकटतात. ओलावा पुरेसा असला की सुटतात. म्हणून उपायही तोच. गोळा टाकून देऊ नका, गरम दूध एकेक मोठा चमचा घालत जोरात ढवळा. ५० ग्रॅमला किमान एक मोठा चमचा द्रव पोचला की ते पुन्हा गुळगुळीत व्हायला लागतं. मोल्डसाठी ते आता उपयोगाचं नाही, पण फोंड्यूला चालतं.

वर तेल तरंगायला लागलं तर आच जास्त झाली. भांडं लगेच खाली उतरवा, थोडं निवू द्या आणि एक-दोन चमचे कोमट दूध घालून या वेळी मात्र फेटा. बहुधा जुळून येतं. करपल्याचा वास आला तर सोडून द्या. त्यावर इलाज नाही, व्हॅनिला ओतूनही तो वास लपत नाही.

टेबलावर गरम कसं ठेवायचं

मे महिन्यात चॉकलेट आपोआपच पातळ राहतं, फळंच कोमेजतात. पंचाईत थंडीत आणि पावसात. मुलं असतील तर ज्योत नकोच. गरम पाण्याच्या पातेल्यावर चॉकलेटचं पातेलं ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी बदला. घरात आमटीचं जाड, रुळलेलं मातीचं मडकं असेल तर आणखी चांगलं. त्यात गरम पाणी भरून तोंडावर स्टीलचं भांडं बसवलं की ऊब बराच वेळ टिकते. खानापूरचं कुंभारकाम आपल्याकडं घरोघरी आहेच, सेट मागवण्यापेक्षा त्याचा उपयोग करा. चॉकलेट थेट नव्या मडक्यात मात्र ओतू नका. कच्ची माती स्निग्धांश शोषते आणि चॉकलेटला मातीचा वास लागतो.

मोठ्यांचीच पंगत असेल तर छोटी मेणपणती चालते. लोखंडी तिवईखाली पणती, वर जुना तवा, तव्यावर चॉकलेटचं भांडं. पातळ स्टीलला ज्योत थेट लागली तर मधोमध करपतं, तव्यामुळं आच पसरते. हा सगळा डोलारा परातीत मांडा, म्हणजे सांडलेलंही परातीतच राहील. ओढणी आणि पदर सांभाळा. दर पाच-सात मिनिटांनी तळापासून ढवळायला कुणा एकाला नेमून ठेवा.

काय बुडवायचं, काय नाही

चॉकलेट गोड आहे, तेव्हा सोबत आंबट, खारट किंवा फिकं हवं. हे ध्यानात धरलं की ताट आपोआप जुळतं. माणशी साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम फळं आणि मूठभर कोरडं पुरतं.

बेळगावात पाहुणे आले की ‘कुंदा पण ठेव की ओ बाजूला’ असं कुणीतरी म्हणतंच. ठेवू नका. कुंद्यात आटवलेल्या दुधाचा नि भाजल्या साखरेचा असा गडद गोडवा असतो की चॉकलेटबरोबर दोन्ही एकमेकांना मारतात. कुंदा वेगळा, जेवणानंतर वाटीत. गोकाकचा करदंट मात्र चालतो. त्यातला गूळ, डिंक आणि सुकामेवा डार्क चॉकलेटला तोलून धरतात. बोराएवढे तुकडे करा, टोचताना फुटतात म्हणून काडीऐवजी चिमट्यानं बुडवा.

फळांत स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्चपर्यंत. आदल्या तासाला देठासकट धुऊन सुती पंचावर पसरून पूर्ण वाळू द्या. ओल्या फळाला चॉकलेट धरत नाही, घसरून खाली पडतं, आणि पाणी भांड्यात जातं ते वेगळंच. केळं म्हणाल तर राजापुरी, पण कडक पिकलेलं. वेलची केळं चवीला छान असलं तरी काडीवरून सुटतं. केळी शेवटच्या क्षणी कापा म्हणजे लिंबू लावायची गरज पडत नाही. सफरचंदाच्या फोडी हलक्या मिठाच्या पाण्यातून काढून पुसून ठेवल्या की काळ्या पडत नाहीत. अननसाचे तुकडे तासभर फडक्यावर निथळवा, त्याची आंबट चव इथं फार कामाची. संत्र्याच्या पाकळ्या न सोलता, साल तशीच ठेवून. चिकू नको, अति गोड होतं.

आणि उन्हाळ्यात कापा फणस मिळाला तर सोडू नका. बरका नव्हे, कापाच. गऱ्यातली आठळी काढून उभे दोन तुकडे करायचे. करकरीत, सुगंधी गरा आणि डार्क चॉकलेट हे माझ्या मते आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं जोडपं आहे, स्ट्रॉबेरीपेक्षाही.

कोरड्यात बेकरीतली साधी खारी, टोस्टचे तुकडे, नानकटाई, आदल्या दिवशीचा कोरडा स्पंज केक. ताजा केक बुडवला की विरघळतो. खारी शंकरपाळी उरली असेल तर तीच आधी संपते, हा अनुभव करून बघा. बटाट्याचे साधे वेफर्सही, मसाल्याचे नकोत. शेजारी दोन वाट्या ठेवा: एकीत भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे, दुसरीत चंदगडकडचे भाजलेले काजू भरडून. चॉकलेटमधून काढलेला तुकडा लगेच त्यात घोळवायचा.

दुकानातले पांढरे, मऊ मार्शमॅलो बऱ्याचदा जिलेटिनचे असतात आणि जिलेटिन प्राण्यांपासून काढतात. आपल्या भागात जैन आणि लिंगायत शेजारी, मैत्रिणी सगळ्यांच्याच घरी असतात. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तरच ते आणा. केकही बिनअंड्याचा की कसा हे आधी विचारून घ्या आणि ताटाजवळ चिठ्ठी लावा.

उष्ट्याचं काय?

परदेशी कृतीत हा मुद्दा जेमतेम एका ओळीत असतो. आपल्या घरात तो पहिला येतो. ‘अगं, एकाच भांड्यात सगळ्यांनी बुडवायचं? उष्टं नाही का होत?’ सासूबाई विचारणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. नियम असा: काडी फक्त बुडवण्यासाठी. तुकडा बुडवून आपल्या बशीत काढायचा आणि हातानं किंवा दुसऱ्या काट्यानं खायचा. अर्धा चावलेला तुकडा परत भांड्यात नाही. ही शिस्त लहान मुलं पाळतील यावर विसंबू नका. त्यांना, आणि ज्यांचा सोवळ्यावर कटाक्ष आहे अशा मोठ्यांना, स्टीलच्या वाटीत स्वतंत्र चॉकलेट द्या. वाटी आधी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतली की आतलं पटकन घट्ट होत नाही. खरं सांगायचं तर सर्दी-पडशाच्या दिवसांत सगळ्यांनाच वाट्या दिलेल्या बऱ्या.

उरलं तर

वाट्यांमधून दिलं असेल तर भांड्यातलं चॉकलेट स्वच्छ राहतं. ते चुरा गाळून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. घट्ट झालं की चमच्यानं गोळ्या करून कोको पावडरीत घोळवा. पुन्हा फोंड्यूच करायचं असेल तर गरम पाण्यावर ठेवून चमचाभर दुधानं सैल करा, थेट गॅसवर नको. ज्या भांड्यात सगळ्यांच्या काड्या गेल्या ते मात्र साठवू नका, त्याच रात्री संपवा: रिकामं होत आलेलं पातेलं गॅसवर ठेवून त्यात दोन कप दूध ओता, खरवडून ढवळा आणि उकळी आली की कपात. घासायला टाकताना आधी कागदानं पुसून मग गरम पाणी घाला. स्निग्धांश तसाच मोरीत गेला तर थंडीत पाइपात गोठतो.